रिमोट मुका झाला की आधी गाडीला विचारा

मागच्या अंकात एका वाचकाला गाडीच्या रिमोट चावीबद्दल मी दोन ओळींचं उत्तर दिलं होतं: सेल बदला, तरी नाही चालला तर दुसरी चावी वापरून बघा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर रिमोटलाच देतेय.

गेली १९ वर्षं मी गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करते. भिंग, सोल्डरिंग आयर्न आणि व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर ही माझी रोजची हत्यारं. या कामात मनाला सगळ्यात जास्त काय लागत असेल, तर चांगला रिमोट फेकून दिलेला बघणं. दार उघडेना म्हणून माणूस घाबरतो, कुणीतरी "नवीनच घ्या" म्हणतं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या भागापायी अख्खा रिमोट कचऱ्यात जातो. म्हणून पत्रांकडे वळण्याआधी एक विनंती. रिमोटवर ठपका ठेवण्यापूर्वी दुसरी चावी आणा आणि तिचं बटण दाबा. ती चालली तर दोष पहिल्या रिमोटमध्ये. दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा गाडीत आहे: उडालेला फ्यूज, रिमोटचा संकेत ऐकणारा रिसीव्हर बिघडलेला किंवा उतरलेली १२ व्होल्टची बॅटरी. दोन रिमोट एकाच दिवशी बिघडणं फार दुर्मीळ.

प्रश्न : ताई, महिन्याभरात दोन सेल बदलले. नवा सेल टाकला की दोन-तीन दिवस रिमोट नीट चालतो, मग अंगठ्याने जोर लावून दाबावं लागतं. टेबलावर आपटला की पुन्हा थोडा वेळ चालतो. रिमोट गेला का?

उत्तर : गेलेला नाही. "जोर लावला की चालतो, आपटला की चालतो" हे वाचून मला बरंच वाटलं. सर्किट मेलं असतं तर आपटून जिवंत झालं नसतं. कुठेतरी जोड सैल आहे, आणि सैल जोड शोधता येतो. आपटणं मात्र आजपासून बंद करा. आत क्वार्ट्झचा एक पातळ तुकडा असतो. त्याच्या कंपनावर रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरते. तो तडकला तर रिमोट वरून धडधाकट दिसतो, पण गाडीला त्याचं काही ऐकू येत नाही. मग माझ्यासारखीलाही फारसं काही करता येत नाही.

आधी सेलवरचा नंबर वाचा. सीआर २०३२ या नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. सीआर २०१६ त्याहून पातळ, १.६. तिन्ही ३ व्होल्टचे आणि वरून बघितले तर अगदी सारखे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज बसवला जातो. २०३२ च्या जागी २०२५ घातला की ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि पत्र्याची पट्टी सेलला जेमतेम टेकते. दोन दिवस चालतो, मग रुसतो, दाबला की पुन्हा चालतो, हे त्याचं ठरलेलं लक्षण. काही जण त्या फटीत कागदाची घडी सरकवतात. तसं करू नका. रिमोटच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचाच सेल घाला.

नंबर बरोबर असेल तर त्या पट्ट्यांकडे बघा. सेल काढताना त्याची कोणती बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण अधिकची खूण वर की खाली हे प्रत्येक रिमोटमध्ये वेगळं असतं. पट्टी चपटी होऊन बसली असेल तर लाकडी काडीने अगदी हलकेच उचला. पांढुरका किंवा हिरवट थर दिसला तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा. नवा सेल कडेने धरा, कारण बोटांचं तेल पृष्ठभागावर राहतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो. हेतू चांगलाच आहे, पण तो लेप नेमका पट्टीखाली आला की काही उपकरणांत वीज नीट पोचत नाही. सेल नवा असूनही रिमोट गप्प असेल तर पाकिटावर तसा उल्लेख आहे का बघा.

मल्टिमीटर असेल तर मोजा, पण एका फसगतीपासून सावध राहा. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. लिथियमच्या या सेलचं व्होल्टेज मात्र शेवटापर्यंत जवळजवळ सपाट राहतं, मग एकदम कोसळतं. म्हणजे बाहेर काढून मोजला तर थकलेला सेलही २.९ किंवा ३ दाखवतो आणि आपण म्हणतो, सेल तर ठणठणीत आहे! खरी परीक्षा कामाच्या वेळी होते. सेल जागेवर ठेवून, टोकं पट्ट्यांना लावून रिमोटचं बटण दाबा. दाबताक्षणी आकडा धाडकन खाली आला तर सेल थकलाय. थंडीच्या दिवसांत सकाळी रिमोट चालत नाही आणि दुपारी चालतो, तेही याच कारणाने.

हे सगळं ठीक निघालं तर शेवटी बटणं बघायची. रबराची जाळी उचलली की बोर्डावर छोटे चौकोनी स्विच दिसतात. लाकडी काडीने थेट स्विच दाबा. तसं केल्यावर रिमोट चालला तर स्विच चांगला आहे, वरचं रबर झिजलंय. स्विच दाबताना किंचित हलला तर त्याला बोर्डाशी जोडणारं सोल्डर तडकलंय. बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते दहा मिनिटांचं काम. सेल काढून मगच सोल्डर करायला सांगा, आणि सेलला थेट सोल्डर तर कुणालाही लावू देऊ नका, तो फुटू शकतो.

तुमच्या बाबतीत मी पैज सेलच्या नंबरवर लावीन. तो बरोबर निघाला तर सेलच्या पट्टीचा बोर्डाशी असलेला जोड भिंगाखाली बघायला सांगा.

प्रश्न : बटण दाबलं की इंडिकेटर लुकलुकतात, बाकी तीन दारं उघडतात, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडत नाही. रिमोट नवीन घ्यायला सांगितलंय.

उत्तर : घेऊ नका. तुमच्या रिमोटने हाक मारली, गाडीने ती ऐकली, इंडिकेटर लुकलुकवून "ओ" सुद्धा दिली. रिमोटचं काम तिथेच संपलं. बिघाड त्या दारात आहे. कुणाला तरी बटण दाबायला सांगून तुम्ही दाराला कान लावा. दमल्यासारखा घरघर आवाज आला तर कुलूप हलवणारी मोटर थकली आहे. काहीच आवाज नाही आला तर दार आणि गाडीच्या सांगाड्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी तपासून घ्या. दार रोज उघडून मिटून त्या वायरी आतल्या आत तुटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

प्रश्न : पँटच्या खिशात राहिलेला रिमोट वॉशिंग मशिनमधून धुऊन निघाला. लगेच तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवसांनी चालला, आठवड्याने बंद पडला.

उत्तर : तांदळाने तुमचा वेळ घालवला, याचं मला वाईट वाटतं. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि त्यात रिमोट हकनाक मरतात. पाणी एकटंच नुकसान करत नाही. पाण्यातले क्षार, साबण आणि सेलमधून वाहणारी वीज यांनी मिळून तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. तांदूळ वरचा ओलावा घेईलही, पण क्षार बोर्डावरच राहतात. म्हणून रिमोट आधी चालतो आणि आठवड्याने बंद पडतो.

रिमोट भिजल्यावर पहिल्या मिनिटात करायची गोष्ट एकच: सेल बाहेर काढणं. बटण दाबून "चालतोय का" हे बघायचा मोह टाळायचा. मग बोर्ड कव्हरमधून काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा. धुतलेलं पुन्हा धुवायचं हे विचित्र वाटतं, पण क्षार त्यानेच जातात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. मग पंख्याखाली पूर्ण एक दिवस. हेअर ड्रायरच्या गरम हवेने प्लॅस्टिक वाकतं आणि पाणी स्विचच्या आत ढकललं जातं.

तुमचा रिमोट अजून वाचू शकतो. आज उघडा, हिरवे-पांढरे डाग कुठे आहेत ते बघा आणि वर सांगितलेली धुलाई करा. डाग स्विचच्या पायांशी असतील तर स्विच बदलावे लागतील. रेष तुटली असेल तर बारीक तार टाकून ती जोडता येते. मी अशा बऱ्याच रेषा जोडल्या आहेत. बोर्डाच्या मधल्या काळ्या चिपखाली डाग गेले असतील तरच आशा कमी.

प्रश्न : रिमोटचं कव्हर तुटलं होतं म्हणून नवीन मागवलं. यजमानांनी घरीच बोर्ड काढून नव्या कव्हरमध्ये बसवला. दारं उघडतात, लॉक होतात. पण गाडी सुरू केली की दोन सेकंदांत बंद पडते. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. कव्हर बदलल्याने इंजिनला काय झालं?

उत्तर : ताई, जुनं कव्हर कुठे आहे? फेकलं नसेल तर आत्ता जाऊन उचलून ठेवा, मग पुढचं वाचा.

तुमच्या चावीत दोन वेगळी माणसं राहतात असं समजा. एक बोर्डवाला. तो सेलवर चालतो, लांबून हाक मारतो आणि दारं उघडतो. दुसरा फार गरीब, न दिसणारा: इमोबिलायझरची चिप. ती कधी काळ्या कोळशाच्या तुकड्यासारखी असते, कधी सुमारे १२ मिलिमीटर लांबीच्या काचेच्या नळीसारखी. तिला सेल लागतच नाही. चावी इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून चुंबकीय क्षेत्र येतं, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचं. तेवढ्यावर चिपमधली बारीक कॉइल जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तर इंजिनला चालू राहायची परवानगी मिळते, नाहीतर इंधन किंवा ठिणगी तोडली जाते. तुमची गाडी सुरू होऊन बंद पडते ती याच कारणाने. इंजिन एकदम शाबूत आहे. गाडीला चावी अनोळखी वाटतेय, एवढंच.

अनेक जुन्या धाटणीच्या चाव्यांमध्ये ही चिप बोर्डावर नसून कव्हरच्या एका खाचेत चिकटवलेली असते. कव्हर बदलणाऱ्याला तो प्लॅस्टिकचाच भाग वाटतो आणि ती जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात जाते. यजमानांना बोल लावू नका. शिकाऊ असताना माझ्या हातून हेच झालं होतं. रात्री कचऱ्याचा डबा कागदावर उलटा करून, हाताने चाचपून मी ती चिप शोधली होती. तेव्हापासून कोणतंही कव्हर मी पांढऱ्या ताटलीतच उघडते, आणि गाडी सुरू होऊन पाच मिनिटं चालेपर्यंत जुनं कव्हर हलवत नाही.

जुन्या कव्हरच्या आत, चावीच्या पात्याच्या मुळाशी बघा. खाच दिसेल, त्यात चिप असेल. ब्लेडने सरळ कापू नका, काचेची असेल तर फुटेल. भोवतीचा गोंद थोडा थोडा खरवडून ती सोडवा आणि नव्या कव्हरमध्ये त्याच जागी बसवा. आज कुठे जायचं असेल तर जुनं कव्हर इग्निशनच्या कड्याला टेकवून गाडी सुरू करून बघा, बहुधा होईल. कव्हर सापडलंच नाही, तर नवी चिप घेऊन ती गाडीच्या मेमरीत नोंदवावी लागेल. त्या वेळी दुसरी चालू चावी बरोबर न्या, अनेक गाड्यांत तिच्याशिवाय हे काम अवघड होतं.

प्रश्न : मुली, माझं वय ७४. नातू दोन वर्षांचा आहे. आठ दिवस तो आमच्याकडे होता आणि रिमोट त्याचं आवडतं खेळणं झालं होतं. दिवसभर टिकटिक. आता गाडी रिमोटला दादच देत नाही. सेल नवा घातला.

उत्तर : आजोबा, रिमोट बिघडला नाही, तो मोजणीत गाडीच्या पुढे निघून गेलाय.

रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवत असता, तर चोराने तो एकदा टिपून पुन्हा वाजवला असता. म्हणून प्रत्येक दाबण्याला संकेत बदलतो आणि रिमोट व गाडी दोघंही आकडा मोजत राहतात. नातवाने गाडीपासून लांब बसून शेकडो वेळा बटण दाबलं. रिमोट तेवढे आकडे पुढे गेला, गाडीला पत्ताच नाही. गाडी थोडं अंतर सांभाळून घेते. अनेक गाड्यांत वापरली गेलेली कीलॉक नावाची पद्धत घ्या: तिच्यात पुढच्या १६ आकड्यांपर्यंत रिसीव्हर मुकाट्याने ऐकतो. त्याहून पुढे गेलं तर तो सलग दोन संकेत मागतो, आणि ते ओळीने आले की पुन्हा जुळवून घेतो. म्हणून गाडीच्या अगदी जवळ उभे राहा आणि तेच बटण दोन-तीन वेळा, मध्ये सेकंदभर थांबून दाबा. नाही जमलं तर चावीने दार उघडून आत बसा, इग्निशन चालू स्थितीत आणा आणि मग दाबा. काही गाड्यांत जुळणी तशी होते. तुमच्या गाडीची नेमकी रीत पुस्तिकेत असेल.

पण आजोबा, तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष रिमोटपेक्षा नातवाकडेच होतं. त्या रिमोटच्या मागचं झाकण नखाने उघडतं. आतला २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकण्याएवढा असतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागली की सेलपाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा अन्ननलिका खोल भाजू शकते. रिमोट न चालवणारा "संपलेला" सेलही तेवढं करायला पुरतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं आणि तिथे "बटण सेल" हा शब्द सांगायचा. उलटी करवायची नाही, खायला द्यायचं नाही. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. त्याने भाजणं थोडं मंदावतं. मध शोधायला थांबू मात्र नका. आणि आत्ता बदललेला जुना सेल कुठे ठेवलात? दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, मग बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्या.

प्रश्न : एका ठरावीक पार्किंगमध्येच रिमोट चालत नाही. बाहेर आलं की व्यवस्थित. वेड लागायची पाळी आलीये.

उत्तर : तुमचं निरीक्षण अचूक आहे, रिमोट चांगला आहे. जगात बऱ्याच ठिकाणी हे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५ वर. त्याच पट्ट्यात वायरलेस डोअरबेल, फाटकांचे रिमोट, हवामान दाखवणारे सेन्सरही बोलत असतात. त्यांतलं एखादं उपकरण बिघडून सतत ओरडत राहिलं तर आसपासच्या सगळ्या गाड्या बहिऱ्या होतात. शेजारी गाडी लावणाऱ्याला विचारा, त्यालाही हाच त्रास असेल तर शंका उरत नाही. तोवर रिमोट डोक्याच्या वर उंच धरून दाबा, उंचीने पल्ला वाढतो. दोन पावलं बाजूला सरकूनही बघा. भिंती आणि पत्रे लहरी परतवतात, त्यामुळे काही जागी संकेत एकमेकांना मारतात आणि हातभर अंतरावर तो पुन्हा जोरात मिळतो.

एक वेगळी शक्यताही तपासा. त्याच जागी गाडीत चार्जर किंवा कॅमेरा चालू ठेवून जाता का? साधारण दर्जाचे चार्जर बराच रेडिओ गोंगाट करतात. तो उपटून एकदा बघा.

प्रश्न : बटण दाबून सुरू होणारी गाडी आहे. रात्री एकटी असताना रिमोटचा सेल संपला तर मी काय करायचं?

उत्तर : हा प्रश्न आधीच विचारलात हे फार चांगलं केलंत. आज दिवसाउजेडी एकदा सराव करा, कारण अंधारात घाबरलेल्या हाताने हे सुचत नाही. रिमोटच्या कडेला एक छोटी खिटी असते. ती सरकवली की आतून लोखंडी चावी निघते. दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते बहुधा छोट्या टोपणाखाली लपलेलं असतं. ते काढायची रीत पुस्तिकेत बघून ठेवा. या चावीने दार उघडलं की अनेक गाड्यांचा भोंगा वाजतो. घाबरू नका. ब्रेकवर पाय ठेवून रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. मघाशी सांगितलेली बिनसेलची चिप यातही असते, ती इतक्या जवळून ओळख देते. काही गाड्यांत टेकवायची जागा बटणाऐवजी कप ठेवायच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या खांबावर असते. गाडीने ओळखलं की भोंगा थांबतो. तुमच्या गाडीतली जागा कोणती, हे आजच शोधा.

प्रश्न : अशाच गाडीचा रिमोट. दर तीन महिन्यांनी सेल संपतो. चावी दाराजवळच्या खुंटीला असते, भिंतीपलीकडेच गाडी.

उत्तर : कारण तुम्हीच लिहिलंय. गाडी जवळच्या चावीला ठरावीक काळाने हाका मारत असते आणि प्रत्येक हाकेला रिमोट झोपेतून उठतो. खुंटी घराच्या आतल्या बाजूला हलवा, पाच-सहा मीटर तरी लांब. याने चोरीचा एक मार्गही बंद होतो. दोघं चोर दोन यंत्रं घेऊन येतात, एक गाडीपाशी आणि एक तुमच्या दारापाशी, आणि गाडीची हाक भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं चावी जवळच आहे. धातूच्या डब्यात किंवा त्यासाठी मिळणाऱ्या जाळीच्या पाकिटात चावी ठेवत असाल, तर ती पाकिटासकट गाडीला टेकवून दार उघडून बघा. उघडलं तर पाकीट कुचकामी आहे.

प्रश्न : टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला की दिवा दिसतो. गाडीच्या रिमोटचा दिसला नाही, म्हणजे बिघडला ना?

उत्तर : नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि कॅमेरा तो पकडतो. आजच्या गाड्यांचे रिमोट बहुतेक सगळे रेडिओ लहरी सोडतात, त्या कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत. रिमोटवर छोटा दिवा असेल आणि तो लागला, तर सेल, स्विच आणि चिप जिवंत आहेत एवढंच कळतं. संकेत बाहेर पडतोय का ते त्यावरून कळत नाही.

प्रश्न : वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची गाडी मी चालवतो. परवा त्यांच्या कपाटात दुसरी चावी सापडली, किल्लीला त्यांच्या हातची दोरी बांधलेली. रिमोट बंद आहे. इतक्या वर्षांत गाडी तो विसरली असेल का? नवीन करून घेऊ?

उत्तर : गाडी विसरलेली नाही. चाव्यांची नोंद ज्या मेमरीत असते तिला वीज लागत नाही. सेल संपला, गाडीची बॅटरी बदलली, तरी नोंद तशीच राहते. मधल्या काळात कुणी सगळ्या चाव्या पुसून नव्याने नोंदवल्या असतील तरच ही चावी बाद झाली असेल. आणि सहा वर्षं कुणी तिचं बटण दाबलेलं नाही, म्हणजे तिची मोजणीही जिथे थांबली होती तिथेच आहे. प्रत्येक रिमोटची मोजणी गाडी वेगळी ठेवते, तुम्ही रोज वापरता त्या चावीने हिचं काही बिघडत नाही.

जुना सेल काढा. कपाटात सहा वर्षं पडलेल्या सेलने पट्टीवर डाग पाडला असेल, तो पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पुसा. रबर कडक झालं असेल तर बटण बोटाच्या टोकाने सावकाश दाबा, नख लावू नका, फाटेल. त्याच नंबरचा सेल घाला, गाडीजवळ जा, दोनदा दाबा. दारं उघडली नाहीत तरी किल्लीने आत बसून इग्निशन फिरवा. गाडी सुरू होऊन चालू राहिली तर चिप शाबूत आहे आणि फक्त बोर्डाचं काम उरलं. कव्हर बदलायची वेळ आली तरी ती दोरी आधी सोडवून बाजूला ठेवा, नव्या कव्हरला तीच बांधता येईल. चालला की मला एक ओळ लिहा. मी वाट बघते.